किल्लारी : दोन धक्क्यांमधले साडेअकरा महिने

मराठवाड्यात भूकंपाचा विषय निघाला की तारीख ठरलेली असते : 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका उरकून लोक नुकतेच आडवे झाले होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण 18 ऑक्टोबर 1992 ला काय झालं, हे विचारून बघा. औसा तालुक्यातल्या किल्लारीला त्या दिवशीही हादरा बसला होता. रिश्टर मापाने चारच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात किरकोळ. पण भिंतींना तडे देऊन गेलेला.

या प्रकरणात तपासायचा आहे तो या दोन तारखांमधला काळ. भूकंप का झाला यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि शास्त्रज्ञांचं त्यावर अजूनही पुरतं एकमत नाही. मधल्या साडेअकरा महिन्यांत काय करण्याजोगं होतं आणि ते कुणालाच का सुचलं नाही, याची चर्चा मात्र कमी होते. माझ्या मते किल्लारीतून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. 1992 चा पावसाळा संपत आला तसे किल्लारी परिसरात जमिनीखालून आवाज यायला लागले आणि छोटे धक्के जाणवू लागले. पुढच्या काही महिन्यांत असे शंभरावर धक्के बसले. त्यांतला सगळ्यात जोरदार 18 ऑक्टोबरचा. लोक घाबरले, अंगणात नि रानात झोपू लागले, आणि गाव इथून हलवा अशी मागणीही झाली. नंतर धक्के विरळ होत गेले. 1993 च्या उन्हाळ्यात लग्नसराई झाली, मृगात पेरण्या झाल्या, पाऊस लागला तशी बाहेरची अंथरुणं पुन्हा घरात आली. मग गणपती आले. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा कुठे 7,928 सापडतो, कुठे 9,748. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं जमीनदोस्त झाली. सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, एकोंडी ही नावं त्या सकाळी पहिल्यांदा महाराष्ट्राच्या कानावर पडली. पाठोपाठ पाऊस कोसळला आणि ढिगारे उपसणाऱ्या जवानांना नि गावकऱ्यांना चिखलात काम करावं लागलं. पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं चितेसाठी वापरावी लागली.

पहिला धक्का चारच्या आसपासचा आणि दुसरा 6.2 चा, म्हणजे दुसरा दीडपट मोठा, असं वाटू शकतं. हिशेब तसा चालत नाही. या मापात एक अंक वाढला की सुटणारी ऊर्जा साधारण बत्तीस पट होते. दोन अंक वाढले की हजार पट. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ज्या घराला फक्त केसाएवढी फट पडली होती, त्या घराने दुसरी परीक्षाही पास करावी अशी अपेक्षाच करता येत नव्हती.

भूकंपाच्या जोड्या अनेक तऱ्हेच्या असतात. तुर्कस्तानात 6 फेब्रुवारी 2023 ला पहाटे 4:17 वाजता 7.8 चा आणि त्याच दुपारी 1:24 वाजता 7.5 चा भूकंप झाला. मधे जेमतेम नऊ तास. मालत्या शहरात पहिल्याने खिळखिळ्या केलेल्या इमारती दुसऱ्याने आडव्या केल्या. नऊ तासांत इमारत दुरुस्त होत नाही. माणसं बाहेर काढायची आणि पुन्हा आत जाऊ द्यायची नाहीत, एवढंच हाती असतं, आणि ऐन हिवाळ्यात तेही अवघड. किल्लारीची जोडी याच्या उलट : पहिला धक्का लहान, दुसरा मोठा, मधे साडेअकरा महिने. शास्त्रात पहिल्याला पूर्वधक्का म्हणतात. अडचण अशी की तो पूर्वधक्का होता, हे दुसरा होऊन गेल्यावरच कळतं.

जमीन भक्कम होती, असं सगळेच म्हणत होते

तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. खाली दख्खनचा काळा पाषाण. हिमालयासारखी कोवळी डोंगररांग जवळ नाही, सरकणाऱ्या प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या महाकाय तुकड्याची, कड जवळ नाही. कोयनेचा 1967 चा भूकंप धरणामुळे, म्हणून तो वेगळा, अशी समजूत. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल विंधनविहीर घेतली, तेव्हा काळ्या पाषाणाचा थर 338 मीटरवर संपला आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. भूकंप जन्मला तो त्या जुन्या खडकात, काही किलोमीटर खोलीवर. भारतीय प्लेट उत्तरेकडे रेटली जात असताना आतला ताण जुन्या कमकुवत पट्ट्यांत साठत जातो आणि शेकडो-हजारो वर्षांनी कुठेतरी मोकळा होतो. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा यात हात होता का, हा वाद त्याच वर्षी सुरू झाला आणि आजही तेरणाकाठच्या पारावर तो ऐकायला मिळतो. घरांच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून इथे सोडून देतो. 2002 साली नकाशातून पहिला विभागच काढून टाकला गेला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला.

एक गोष्ट मात्र फरक पाडणारी होती. भूकंप उथळ होता. उथळ भूकंप थोड्या टापूत जबर मार देतो आणि अंतर वाढलं की झपाट्याने ओसरतो. जग त्याला लातूरचा भूकंप म्हणतं, पण चाळीसेक किलोमीटरवरचं लातूर शहर बऱ्यापैकी उभं राहिलं.

माळवदाचा हिशेब

आता घराकडे येऊ, कारण माणसं मारली ती घराने.

या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. भिंत दोन-अडीच फूट रुंद, मोठ्या वाड्यांत त्याहून जास्त. बघणाऱ्याला वाटतं, किल्लाच आहे. प्रत्यक्षात ती एकसंध भिंत नसते. बाहेरच्या अंगाला घडीव काळ्या दगडाची एक भिंत, आतल्या अंगाला ओबडधोबड दगडाची दुसरी, आणि दोघींच्या मधल्या पोकळीत कपच्या नि मातीची भर. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले. दोन्ही अंगं एकमेकींना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असायचा. असा दगड घडवायला मेहनत जास्त आणि बाहेरून तो दिसतही नाही. त्यामुळे हादरा बसला की दोन्ही अंगं आपापल्या दिशेने सुटतात. बाहेरचं अंग गल्लीत, आतलं अंग अंथरुणावर.

त्याच्या वर छत. लाकडी तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडं किंवा फळ्या, त्यावर पाचोळा-काटक्या आणि मग माती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मातीच्या छताखाली जो गारवा मिळतो तो स्लॅबखाली कधीच मिळत नाही, हे स्लॅबखाली मे महिना काढलेला माणूस कबूल करील. पण माळवद गळतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा. जुनी माती सहसा कुणी उतरवत नसे. आज्याने टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. थर फूटभराचा दीड फूट झाला, कुठे दोन फूट.

आकड्यात मांडू. दहा बाय बाराची एक खोली, क्षेत्रफळ सुमारे 11 चौरस मीटर. मातीचा थर दीड फूट, म्हणजे 45 सेंटीमीटर. चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला 1,600 किलो धरलं तर एका खोलीवर साधारण आठ टन. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर भरलेला मालट्रक उभा करावा, तेवढं हे वजन. आणि सप्टेंबरअखेर पावसाळा सरत असताना ती माती ओली असते, म्हणजे आणखी जड.

भूकंपात घराला बाहेरून कुणी ढकलत नाही. जमीन सरकते, आणि घराचं वजन जागच्या जागी राहू बघतं. जेवढं वजन जास्त तेवढा भिंतीवर येणारा आडवा जोर जास्त. उभं वजन पेलायला दगड-मातीची भिंत समर्थ असते, म्हणून ती शंभर वर्षं उभी दिसते. आडवा जोर पेलायला तिच्यात काहीही नसतं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत, मोजतात, कारण काही घरांत माळवद लाकडी खांबांच्या सांगाड्यावर पेललेलं असतं आणि भिंती नुसता आडोसा करतात. अशा काही घरांत भिंती पडूनही छत खांबांवर तरून राहिलं. जिथे लाकडाचा खर्च वाचवायला तुळया थेट भिंतीत रोवल्या होत्या, तिथे भिंत गेली की आठ टन माती सरळ खाली. ढिगाऱ्यातून काढलेल्यांत दगडाच्या माराने गेलेले होते, तसे मातीखाली गुदमरून गेलेलेही होते. आणि कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या झोपडीत राहणारे, ज्यांना माळवद बांधायची ऐपतच नव्हती, त्यांच्यातले कितीतरी जण वाचले. ऐपतीची खूण समजलं जाणारं घरच जिवावर उठलं.

आता याच भिंतीवर ऑक्टोबर 1992 चा धक्का घालून बघा. कोपऱ्यात, जिथे दोन भिंती भेटतात, तिथे उभी फट पडते. मधल्या पोकळीतली भर थोडी खाली बसते आणि वरच्या बाजूला पोकळी तयार होते. बाहेरच्या अंगाला पोट सुटतं. तुळईचं टोक भिंतीतल्या आपल्या जागेवरून बोटभर सरकतं. यातलं काहीच भयंकर दिसत नाही. फट मातीने लिंपून घेतली, वरून सारवलं, की घर पहिल्यासारखं. पुढे महिनोन्महिने येणारे छोटे धक्के हेच काम थोडं थोडं पुढे नेतात, लिंपणाच्या आड.

मागणी चुकीच्या मापाची होती

गाव हलवा, ही 1992 ची मागणी. ती मान्य झाली नाही. यावरून सरकारला झोडपणं सोपं आहे आणि ते पुष्कळ झालंही आहे. पण त्या वेळच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. नकाशा सांगतो, धोका नाही. धक्क्यांच्या अशा मालिका दख्खनात येतात आणि बहुतेक वेळा विरून जातात. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात 1983 मध्ये अशी मालिका येऊन गेली होती. पुढे 2007 च्या सुमारास नांदेड शहराने असे आवाज नि धक्के अनुभवले, आणि नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात तर वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले. यांतल्या एकाचाही किल्लारी झाला नाही. म्हणजे 'थोडं थांबून बघू' म्हणणारा माणूस आकडेवारीच्या दृष्टीने बरोबरच होता. किल्लारीत तो चुकला, हे नंतरचं शहाणपण.

पण प्रश्न 'मोठा भूकंप येणार का' असा मांडला की उत्तर कुणाकडेच नसतं, आणि उपाय 'सगळं गाव हलवा' एवढा मोठा ठेवला की तो फायलीत अडकणार हे ठरलेलं. या दोन टोकांच्या मधे एक बारीक प्रश्न होता : आता भिंत सैल झाली आहे, तर तिच्यावरचं ओझं कमी करता येईल का? तो कुणी विचारला नाही. गावाने नाही, तहसीलने नाही, अभियंत्यांनीही नाही.

त्याचं उत्तर घरटी काही दिवसांच्या मजुरीत बसणारं होतं. माळवदाची जुनी माती उतरवून थर सहा-आठ इंचांवर आणायचा आणि गळती थांबवायला खाली प्लास्टिकचा जाड कागद घालायचा. जिथे तुळया भिंतीत रोवल्या आहेत, तिथे त्यांच्या टोकांखाली भिंतीला लागून लाकडी खांब द्यायचे. पोट सुटलेल्या भिंतीचा तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा आणि रचताना आरपार दगड घालायचे. आणि हे जमेपर्यंत माळवदाखाली न झोपता पडवीत किंवा पत्र्याखाली झोपायचं. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नव्हतं. गावातला सुतार नि गवंडी पुरेसे होते.

याने किल्लारी वाचली असती का? तेवढा दावा मी करणार नाही. उथळ 6.2 च्या अगदी माथ्यावर बसलेल्या गावात, मातीत रचलेल्या दगडी भिंती हलक्या छतासकटही पडल्या असत्या. पण आठ टनांखाली गाडलं जाणं आणि अडीच ते साडेतीन टनांखाली अडकणं यांत फरक आहे, आणि केंद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावांत तो फरक आणखी मोठा ठरला असता.

भूकंपानंतर जे झालं त्यातही मोठ्या मापाची ओढ दिसते. जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम राबवला. 52 गावं नव्या जागी वसवली. जमीन किती, त्यानुसार 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं घर. आखीव रस्ते, चौकोनी प्लॉट, मधे भरपूर अंतर. कामाची व्याप्ती बघता हे खरंच मोठं यश होतं. इतक्या कमी वर्षांत इतकी घरं उभी राहिल्याची उदाहरणं देशात फार नाहीत. पण गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचं उत्तर 250 फुटांत नव्हतं. पाहता पाहता घरांना पत्र्याचे आडोसे फुटले.

मला जास्त रस आहे तो याच कार्यक्रमाच्या तिसऱ्या गटात. 13 जिल्ह्यांतली सुमारे 1 लाख 90 हजार घरं पडलेली नव्हती, पण दुखावलेली होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती नि मजबुतीचं अनुदान होतं. तंत्र उत्तम होतं : भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई नि काँक्रीट भरायचं, म्हणजे भिंतीला टाके घालायचे, छताची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. अगदी तोच, 1992 मध्ये न विचारलेला, बारीक उपाय. आणि लोकांनी तो फारसा घेतला नाही. बहुतेकांनी त्या पैशात जुन्या घराला लागून विटा-सिमेंटची एक नवी खोली काढली. दगड-मातीवरचा विश्वासच उडाला होता. टाके घातलेल्या भिंतीखाली झोपायची कुणाची छाती होईना. नवी खोली त्यांना कळत होती. पण ती झाली तरी माळवद तसंच उभं राहिलं, मागच्या बाजूला, आणि हळूहळू पुन्हा वापरात आलं. कुणी धान्य ठेवलं, कुणी म्हाताऱ्यांची खाट टाकली.

नांदेड-हिंगोली, 21 मार्च 2024

या दिवशी मराठवाड्याने आणखी एक जोडी पाहिली. सकाळी 6:08 वाजता 4.5 चा धक्का, 6:19 वाजता 3.6 चा. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, खोली 10 किलोमीटर. नांदेड आणि परभणीतही तो जाणवला. जीवितहानी झाली नाही. मधे अकरा मिनिटं होती, आणि त्या अकरा मिनिटांत नांदेडमध्ये काय झालं असेल हे कुणालाही सांगता येईल : लोक बाहेर आले, मोबाइल काढले, नातेवाइकांना फोन लावले आणि गॅसवरचा चहा बघायला बरेचसे परत आत गेले.

त्या सकाळी नांदेडच्या प्रशासनाने जे आवाहन केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. इतकंच. भाकीत नाही, घबराट नाही. पत्र्यावर दगड ठेवणं हा आपल्याकडचा वावटळीवरचा बिनखर्ची इलाज. पत्रा हुक-बोल्टने कसायला पैसे लागतात, दगड फुकट मिळतो. हलकं छत जड करून घ्यायची ही आपली जुनीच खोड, माळवदावरची माती जशी. किल्लारीत जो बारीक प्रश्न कुणी विचारला नाही, तो इथे पहिल्या धक्क्याच्या दिवशीच विचारला गेला. त्यानंतर 10 जुलै 2024 ला सकाळी 7:14 वाजता पुन्हा 4.5 चा धक्का बसला, केंद्र कळमनुरी तालुक्यातलं रामेश्वर तांडा. तोवर ऐन पावसाळा सुरू झाला होता, आणि वारा-पावसात पत्र्यावर पुन्हा दगड चढवू नका म्हणणं सोपं नाही. दगड काढा म्हणताना सोबत हुक-बोल्ट द्यावे लागतील.

पण त्या आवाहनात माळवदं नव्हती. हिंगोली, परभणी, नांदेडच्या खेड्यांत ती अजून शेकड्यांनी उभी आहेत. त्यांचा माग काढायचा तर सरकारदरबारी हाताशी असलेली यादी म्हणजे घरकुलाची. आणि त्या यादीचा निकष गरिबीचा आहे : बेघर, किंवा एक-दोन कच्च्या खोल्या. पाच खणांच्या, दोन फूट मातीच्या माळवदात राहणारं, चार-पाच एकरांचं कुटुंब त्या निकषात बसतच नाही. ग्रामपंचायतीच्या लेखी ते सुस्थितीत आहे. किल्लारी-सास्तूरला ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत नेमकी अशी घरं होती. छताची जाडी मोजायला टेप लागते आणि एक माणूस. गावोगावच्या माळवदांची ही साधी मोजणी रोजगार सेवकाकडून करून घेता येईल आणि जुनी माती उतरवायची मजुरी रोजगार हमीत बसवता येईल का, हे ठरवायला कुठल्याही भूकंपमापक यंत्राची गरज नाही.